‘दकार्गल’ या शब्दातील आगळ

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत मागील महिन्यात पाणीटंचाईवर जो लेख आला, त्यात ‘दकार्गल’ या जुन्या संस्कृत शब्दाचा अर्थ ‘पाण्याची किल्ली’ असा दिला होता, आणि ही किल्ली पूर्वजांच्या हाती होती, आपण ती हरवून बसलो, असे पुढे म्हटले होते. त्याच पानाच्या तळाशी एका पाणाड्याची, म्हणजे जमिनीखालचे पाणी दाखवून देणाऱ्याची, जाहिरात होती व तिच्यात हाच शब्द ‘प्राचीन उदकार्गल शास्त्र’ असा छापला होता. मी दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात ३१ वर्षे मराठी आणि संस्कृत शिकवले, आणि थोडे वावरही करतो. या शब्दाशी माझी गाठ पुस्तकात पडली तशी वावरातही पडली, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबले तर आपण खुशाल कात्री लावावी.

‘दकार्गल’ हे वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिता’ या ग्रंथातील एका अध्यायाचे नाव आहे. वराहमिहिर सहाव्या शतकातला, अवंतीचा, म्हणजे आजच्या उज्जैनकडचा. ग्रह-नक्षत्रे, पर्जन्य, वास्तू, रत्ने, झाडांचे रोग असा सारा पसारा ज्याने एका ग्रंथात मांडला, त्याने जमिनीखालचे पाणी कसे ओळखावे यासाठी सव्वाशे श्लोकांचा हा अध्याय लिहिला. त्यातही हे सारस्वत मुनीवरून घेतले आणि हे मनूवरून, असे त्याने स्वच्छ सांगितले आहे. हा प्रामाणिकपणा जाहिरातीत शोधून सापडत नाही, एवढे जाता जाता नोंदवतो.

आता शब्द फोडून पाहू. दक अधिक अर्गल. ‘दक’ म्हणजे उदकच, आरंभीचा उकार गळून उरलेले. हे रूप कवीने छंदापायी ओढूनताणून केलेले नाही. पोटात पाणी साठण्याच्या ज्या रोगाला आपण जलोदर म्हणतो, त्याला सुश्रुतसंहितेत ‘दकोदर’ म्हटले आहे. मराठीत दक उतरले नाही, पण उदक उतरले, आणि तेही मुख्यतः धर्मकार्यात व वाक्प्रचारात. दान देताना हातावरून पाणी सोडायचे, म्हणून हातची गेलेली वस्तू ‘तिच्यावर उदक सोडले’ असे म्हणायचे. बोअरच्या पैशाबाबत हा वाक्प्रचार आमच्या गावात किती जणांना शब्दशः लागू पडतो, ते पुढे येईलच. काही छापील प्रतींत ककाराचा गकार होऊन ‘दगार्गल’ असाही पाठ मिळतो. त्याचीही गोष्ट पुढे आहे.

‘अर्गल’ हा शब्द मात्र संस्कृतातच अडकून राहिला नाही, तो आपल्या घरादारात आला. त्याचीच मराठी ‘आगळ’ झाली. (‘आगळावेगळा’ मधल्या आगळ्याशी तिचा घोळ घालू नये, तो शब्द निराळा.) माझ्या आजोबांच्या मातीच्या घराला सागवानी दुहेरी दार होते. दारामागे भिंतीच्या जाडीत एक चौकोनी बीळ होते आणि त्यात मनगटाएवढे जाड, चांगले दोन-अडीच हात लांब लाकूड दिवसभर लपलेले असे. दिवेलागण होऊन जेवणे उरकली की आजी ते बिळातून ओढून दाराच्या पाठीवरून पलीकडच्या खोबणीत सरकवी. पिढ्यान्‌पिढ्या हात लागून त्याचे टोक काळेभोर आणि गुळगुळीत झाले होते, आणि पावसाळ्यात लाकूड फुगले की आजीला ते गुडघ्याने रेटावे लागे. आज शहरी वाचकांना ही वस्तू ठाऊक नसेल, पण नवरात्रात सप्तशतीच्या पाठाआधी म्हटले जाणारे अर्गलास्तोत्र पुष्कळांना पाठ असते. ती अर्गला म्हणजे हीच आगळ.

म्हणून शब्दार्थाने दकार्गल म्हणजे पाण्याची आगळ. किल्ली आणि आगळ यांत जो फरक आहे तो माझ्या मते येथे मोलाचा आहे. किल्ली बाहेरच्या माणसाच्या कनवटीला असते. आगळ घरातच राहते आणि ती घरातल्यानेच काढावी लागते. बाहेरच्याने दार कितीही वाजवले तरी आगळीला हात पोहोचत नाही. लेखकाने ‘किल्ली’ म्हटले ते बहुधा अध्यायाच्या पहिल्याच श्लोकावरून असावे, कारण ‘येन जलोपलब्धिः’, म्हणजे ज्याच्या योगे पाणी मिळते ते दकार्गल, असे वराहमिहिर तेथे म्हणतो. तात्पर्य म्हणून किल्ली चालेल, हे मला मान्य आहे. परंतु एवढ्या मोठ्या शब्दप्रभूला किल्लीसाठी दुसरा शब्द सुचला नसता असे नाही, आणि त्याने आगळच निवडली, हे नजरेआड करून कसे चालेल? पाणी मिळवण्याच्या विद्येला नाव देताना त्याने आधी पाण्यापुढचा अडसर डोळ्यांसमोर आणला. ज्याला अर्गला नाही ते ‘अनर्गल’, आणि अनर्गल बडबड कशाला म्हणतात ते मराठी वाचकाला सांगायला नको. जाहिरातीतील ‘शंभर टक्के पाणी, खात्रीशीर इंच’ (इंच हे बोअरच्या पाण्याचे बोलीतले माप) या मजकुराला मला दुसरे विशेषण सुचत नाही.

आता वावरातली गोष्ट. सात-आठ वर्षांपूर्वी चैत्रात आमची विहीर तळाला गेली आणि संत्र्याची दीडशे झाडे डोळ्यांदेखत पाने गुंडाळू लागली. शेजाऱ्यांच्या आग्रहाने एका पाणाड्याला बोलावले. माणूस मोठा गोडबोल्या. त्याने पायांतल्या वहाणा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काढल्या, सोललेला नारळ उजव्या तळहातावर आडवा ठेवला, शेंडी बोटांकडे केली आणि वावरात उभा-आडवा फिरू लागला. पूर्वेच्या धुऱ्यापासून वीसेक पावलांवर नारळ डगमगला व शेंडीकडून वर उठला. ‘पाहा गुर्जी, उभा झाला! अथीच हाय पानी, दोन इंची,’ असे म्हणून त्याने टाचेने माती उकरली आणि तेथे हळदकुंकू वाहिले. मी संस्कृत शिकवतो हे कळल्यावर त्याने ‘उदकार्गल’ हा शब्द काढला आणि त्याचा अर्थ ‘उदकाला अर्घ्य’ असा लावून दाखवला. मी गप्प राहिलो. झाडे वाळत असली की व्याकरण सुचत नाही.

बोअरची गाडी रात्री आली. आधी काळी माती उडाली, मग पिवळसर मुरूम, मग राखाडी भुकटी. दीडशे फुटांच्या आसपास गेरूसारखी तांबडी माती वर आली तेव्हा पाणाड्या म्हणाला की आता शीर लागते. ती लागली नाही. पुन्हा राखाडी भुकटी सुरू झाली आणि ३१० फुटांवर गाडीवाल्यानेच हात जोडले, ‘कोरडाच दगड हाय जी.’ दुसरी जागा त्याच रात्री दाखवली गेली आणि दुसऱ्या दिवशी तीही २८० फुटांवर कोरडी गेली. सकाळी भुकटीने पांढऱ्या पडलेल्या झाडांखाली बसून मी शेजाऱ्याला, मन रमावे म्हणून, या शब्दाचा ‘दगार्गल’ हा पाठभेद सांगितला. तो चौथीपर्यंत शिकलेला माणूस. त्याने शब्द दोनदा उच्चारला आणि म्हणाला, ‘मंग बराबर हाय गुर्जी. पहिले दगा, मांगून गळ. नावातच सारं सांगून ठेवलं.’ दगा हा फारसी शब्द, तो वराहमिहिरानंतर कित्येक शतकांनी आपल्याकडे आला, तेव्हा ही व्युत्पत्ती खोटी आहे, हे मला त्याला सांगावे लागले. पण श्लेष म्हणून इतका चपखल श्लेष माझ्या ३१ वर्षांच्या मास्तरकीत एकाही विद्यार्थ्याने केला नव्हता.

त्या उन्हाळ्यात मी तो अध्याय पुन्हा नीट वाचला, आणि वराहमिहिराच्या नावावर ही नारळाची विद्या खपवणे हा त्याच्यावर अन्याय आहे, या निष्कर्षाला आलो. सव्वाशे श्लोकांत कोठेही हातावरचा नारळ नाही, फाट्याची डहाळी नाही, लोलक नाही. तेथे आहेत झाडे, वारुळे, माती आणि दगड. जांभळाच्या उत्तरेस तीन हातांवर दोन पुरुष खाली पाणी, उंबराच्या पश्चिमेस तीन हातांवर अडीच पुरुष खाली पाणी, अशा थाटात तो सांगत जातो. जेथे झाडे-वेली तजेलदार व पाने अखंड आहेत तेथे खाली शीर आहे, असेही म्हणतो. ‘पुरुष’ हे त्याचे खोलीचे माप, हात वर केलेल्या माणसाच्या उंचीचे, १२० अंगुळांचे. पाऊण इंचाचे अंगूळ धरले तर साडेसात फूट. जुनी माणसे विहिरीची खोली ‘इतके परस’ अशी सांगत, ते परस म्हणजे हाच पुरुष. म्हणजे जांभळाखालचे त्याचे पाणी १५ फुटांवर आहे आणि उंबराचे एकोणीसेक फुटांवर. त्या पाण्याच्या खुणांनी ३०० फुटांखालचा दगड ओळखायचा, हे त्यानेही मान्य केले नसते.

या अध्यायातले सगळेच खरे, असे मात्र मी म्हणणार नाही. अमुक झाडाखाली अर्ध्या पुरुषावर पांढुरका बेडूक निघेल, मग पिवळी माती, मग दगड आणि त्याखाली पाणी, अशा खुणा त्यात आहेत. त्या एखाद्या जागी कोणी पाहिल्याही असतील, पण सगळीकडे लागू होणारा नियम म्हणून त्या टिकत नाहीत. तीन हात पश्चिमेस आणि तीन हात उत्तरेस या ठाशीव मापांचेही तसेच. दुसरीकडे, ओलाव्याला धरून राहणारी झाडे आणि खालच्या दमट मातीशी नाते राखणारी वाळवीची वारुळे यांवरून उथळ पाण्याचा अंदाज बांधणे हे निरीक्षण आहे, आणि तिरुपतीच्या वेंकटेश्वर विद्यापीठातील भूवैज्ञानिक ई. ए. व्ही. प्रसाद यांनी १९८० साली त्या अंगाने या अध्यायाचा गंभीरपणे अभ्यासही केला. विहीर खणताना लागलेला खडक फुटत नसेल तर त्यावर पळस आणि तिंदुक यांची लाकडे पेटवून तो लालबुंद करावा व वर चुन्याचे पाणी ओतावे, म्हणजे तो तडकतो, असेही वराहमिहिर सांगतो. तापलेला दगड अचानक थंड केला की तडा जातो, यात काही गूढ नाही. पळस तर आमच्या धुऱ्याधुऱ्यावर आहे आणि तिंदुक म्हणजे आमच्या तेंदूच्याच कुळातले झाड.

खरी मेख पहिल्या श्लोकाच्या उत्तरार्धात आहे. माणसाच्या अंगात जशा शिरा तशाच भूमीतही, काही वर काही खाली, असे तो म्हणतो. (हा शिरा पंगतीतला नव्हे, हे वर्गात मला दरवर्षी सांगावे लागे.) पुढे आठ दिशांच्या आठ शिरा आणि मधली महाशिरा अशी मांडणी येते. उपमा सुरेख आहे आणि तिनेच घात केला आहे. आजही आमच्याकडे ‘शीर लागली’, ‘शीर तुटली’ असेच बोलतात, जणू खाली नळ टाकलेला आहे आणि नेमका तो गाठला की पाणी उसळणार. पश्चिम विदर्भाचा बहुतेक भाग बेसाल्टच्या थरांचा आहे, आणि वराहमिहिराचा माळवाही त्याच दगडाचा. यात पाणी राहते ते वरच्या कुजलेल्या मुरमात, दगडाच्या भेगांत आणि दोन थरांमधल्या सांध्यांत. सलग काळा पाषाण कोरडा असतो आणि दोन थरांमधली ती तांबडी माती बहुधा पाणी सोडत नाही. मला दीडशे फुटांवर जी लागली ती हीच. शीर म्हणण्याऐवजी आगळ म्हटले तर आमच्या जमिनीचे वर्णन अधिक बरोबर होते, म्हणजे वराहमिहिराच्या पहिल्या श्लोकातल्या उपमेपेक्षा त्याच्या अध्यायाचे नावच जास्त खरे निघाले.

त्याचा दुसरा श्लोक तर आपल्या वऱ्हाडासाठीच लिहिला असावा असे वाटते. आकाशातून पडणारे पाणी एका रंगाचे आणि एका चवीचे असते. जमिनीच्या गुणाने ते नाना रंगांचे व नाना चवींचे होते, म्हणून पाणी पारखायचे तर जमीन पारखावी, असा त्याचा आशय आहे. माझी सासुरवाडी दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहे. आमच्यावर पडतो तोच पाऊस तेथे पडतो, पण विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि पाहुण्याला पहिला घोट घशाखाली उतरत नाही. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील त्या पट्ट्यात प्रश्न पाणी कोठे आहे हा नसून ते कसे आहे हा आहे, आणि त्याचे उत्तर नारळ देत नाही. नारळवाले खारे की गोडे हे आधी सांगत नाहीत, असा सासुरवाडीचा अनुभव आहे.

डहाळीची विद्या तर युरोपातही जुनी आहे. जॉर्ज अ‍ॅग्रिकोला याच्या १५५६ मध्ये छापलेल्या खाणकामावरील लॅटिन ग्रंथात फाट्याची डहाळी घेऊन फिरणाऱ्यांचे चित्र आहे, आणि जाणत्या खाणवाल्याने तिच्या नादी लागू नये असे त्याचे मतही आहे. हातातली वस्तू हलते ती कशाने, याचा उलगडा इंग्लंडमधील शरीरशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्ये केला: मनात धरलेली अपेक्षा आपल्या नकळत स्नायूंना हलवते. म्हणजे पाणाड्या लबाडच असतो असे नाही. बऱ्याचदा तो स्वतःच फसलेला असतो. जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये एका दुमजली कोठारात याची परीक्षा झाली. सुमारे ५०० जणांतून निवडलेले ४३ पाणाडे वरच्या मजल्यावर, खाली गाड्यावरचा पाण्याचा नळ कधी येथे तर कधी तेथे, आणि अशा ८४३ चाचण्या. परीक्षा घेणाऱ्यांना काही मोजक्या लोकांत गुण दिसला, पण एनराइट या शास्त्रज्ञाने तेच आकडे १९९९ मध्ये पुन्हा तपासले तेव्हा योगायोगापलीकडे त्यांत काही उरले नाही.

मला म्युनिकला जावे लागले नाही. पुतण्याला सोबत घेऊन मी त्याच वावरात तळहातावर नारळ ठेवून फिरलो. पाणाड्याने दाखवलेल्या खुणेवर तो माझ्याही हातावर उठला, आणि खरे सांगतो, अंगावर काटा आला. मग पुतण्याने डोळ्यांवर उपरणे बांधले, मला चार गिरक्या दिल्या आणि सोडले. पाच फेऱ्यांत नारळ पाच निराळ्या जागी उठला. त्यांतली एक जागा बैलांच्या गोठ्याची होती.

जाहिरातीत ‘जन्मतः पायाळू’ अशीही पात्रता लिहिली आहे. पायांकडून जन्मलेल्याला जमिनीतले धन आणि पाणी दिसते ही समजूत जुनी आहे, पण त्याच समजुतीत पायाळूवर वीज पडते असेही सांगतात. तेवढा भाग जाहिरातीतून वगळला आहे. या जाहिरातीविरुद्ध कायदा काही करील अशी आशा मी बाळगत नाही, कारण महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूजलाविषयी सल्ला देणाऱ्या पाणाड्यांना जोशी व नंदीबैलवाल्यांच्या पंक्तीला बसवून आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे. दुसरीकडे १९७२ पासून राज्य शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. त्यांचे भूवैज्ञानिक जमिनीत वीज सोडून खालच्या थरांचा रोध मोजतात आणि ‘येथे नाही’ असे सांगण्याची तयारी ठेवतात. त्यांचाही अंदाज चुकतो. आमच्या वावरात तिसऱ्या वेळी त्यांनी बोअरचा विचारच सोडायला सांगितला आणि नाल्याकाठी, जेथे मुरूम जाड आहे, तेथे विहीर रुंद करण्याचा सल्ला दिला. ४५ फुटांवर पाणी लागले. संत्र्याची झाडे मात्र साठच उरली होती.

आपणास विनंती एवढीच की पुढील रविवारी दुरुस्ती छापताना ‘दकार्गल’ म्हणजे ‘पाण्याची आगळ’ असा अर्थ द्यावा, आणि त्या अध्यायात नारळ व डहाळी नाहीत हेही एका ओळीत नमूद करावे. शब्द छापताना ककाराचा गकार होणार नाही इकडे मुद्रितशोधकांनी लक्ष द्यावे. माझ्या शेजाऱ्याला हे पत्र वाचून दाखवले, तेव्हा त्याने मात्र जाहिरातीपुरता गकारच राहू द्यावा, असा निरोप आपल्यासाठी दिला आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ